रिकामा पाट

मराठीत खाण्यावर लिहिणारे पुष्कळ आहेत आणि ते आवडीने वाचणारे त्याहूनही अधिक. एखाद्या घरच्या पुरणपोळीची, एखाद्या खानावळीतल्या रश्श्याची आठवण कुणी मन लावून सांगू लागला की ऐकणाऱ्याच्या तोंडाला पाणी सुटते आणि तोही आपली आठवण घेऊन पुढे सरसावतो. चवीच्या माणसाला एकट्याने जेवण गोड लागत नाही. जेवून झाल्यावर ते कुणाला तरी सांगितल्याशिवाय त्याची तृप्ती पुरी होत नाही. खाद्यलेखन म्हणजे एका अर्थाने कागदावर मांडलेली पंगतच होय. म्हणूनच त्या पंगतीत पाट कुणासाठी मांडले आणि कुणासाठी मांडले नाहीत, हा प्रश्न समीक्षकाने विचारलाच पाहिजे, असे आम्हांस वाटते.

या लेखनाची परंपरा जुनी आहे. लक्ष्मीबाई धुरंधर यांचे ‘गृहिणी-मित्र’ 1910 साली प्रसिद्ध झाले आणि पाठारे प्रभूंच्या संपन्न स्वयंपाकघराचे दार त्याने मराठी वाचकांना उघडून दिले. पुढे 1970 मध्ये कमलाबाई ओगले यांची ‘रुचिरा’ आली. वाटी आणि चमचा ही घरोघरची मापे वापरून त्यांनी नवख्या सुनेला आणि परगावी एकट्या राहणाऱ्या मुलाला धीर दिला. लग्नात ‘रुचिरा’ भेट देण्याची चाल पडली ती उगीच नव्हे. पु. ल. देशपांडे यांच्या ‘माझे खाद्यजीवन’ या लेखाचा रंग निराळा. तेथे पाककृती नाही. खाणाऱ्याचा आनंद आहे आणि तो आनंद वाटून घेणारी मैत्री आहे. या तिन्हींचे ऋण आम्ही मान्य करतो.

परंतु या पुस्तकांतून शिजणारे अन्न पाहता एक गोष्ट ध्यानात येते. तूप, खोबरे, केशर, साजूक जिन्नस यांची रेलचेल असलेले स्वयंपाकघर हेच महाराष्ट्राचे स्वयंपाकघर, असा समज त्यांतून नकळत होतो. ज्यांच्या चुलीवर तेलाचा थेंबही मोजून पडत असे, त्यांच्या चवीची दखल कुणी घेतली नाही. ती उणीव शाहू पाटोळे यांच्या ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ या 2015 मधील पुस्तकाने भरून काढली. 2024 साली त्याचे इंग्रजी भाषांतरही प्रसिद्ध झाले. मराठवाड्यातील महार आणि मांग समाजांच्या खाद्यसंस्कृतीची ही नोंद आहे. वाळवून ठेवलेल्या मांसाच्या चान्या, जनावराचे इतरांनी टाकून दिलेले अवयव, रक्त, रानातली भाजी, येसूर घालून दाट केलेले कालवण हे सारे पदार्थ लेखक लाज न बाळगता आणि कीव न मागता सांगतो. अन्न पूर्णब्रह्म आहे असे म्हणणाऱ्यांनी आमच्या ताटाकडे कधी पाहिले काय, हा प्रश्न त्याने शीर्षकातच विचारला आहे. सात्त्विक आणि तामस या भेदाआड माणसामाणसांतला भेद कसा दडतो, हे तो नेमके दाखवतो.

पुस्तकात दोष नाहीत असे नाही. वादाचा सूर कधी कधी पाककृतीवर मात करतो, आणि ज्या पदार्थाजवळ वाचकाला थोडे रेंगाळायचे असते तेथून लेखक पुढच्या युक्तिवादाकडे वळतो. तरीही हे पुस्तक वाचल्यावर ‘रुचिरा’ पूर्वीसारखी वाचता येत नाही. ‘रुचिरा’ त्यामुळे कमी दर्जाची ठरत नाही. ती एका घराची आहे, साऱ्या गावाची नाही, एवढे मात्र कळते. चांगल्या पुस्तकाने याहून अधिक काय करावे?

आमच्या कोल्हापूरकडे बाहेरच्या जेवणाची गोष्ट निघाली की तांबडा-पांढरा रस्सा आणि मिसळ यांवर तास जातो. त्याविषयी आमची तक्रार नाही. कोडोलीला राहून ती करणे कृतघ्नपणाचे ठरेल. पण या संस्थानातले सर्वांत संस्मरणीय खाणे-पिणे कोणते, असे कुणी विचारले तर आम्ही एका चहाच्या कपाचे नाव घेऊ. गंगाराम कांबळे यांना पाण्याच्या हौदाला शिवल्याबद्दल मारहाण झाली. शाहू महाराजांनी त्यांना पैसे दिले आणि त्यांनी भाऊसिंगजी रस्त्यावर चहाचे हॉटेल काढले. गिऱ्हाईक फिरकेना, तेव्हा महाराज आपली गाडी त्या दारात थांबवीत, स्वतः चहा घेत आणि बरोबरच्या प्रतिष्ठित मंडळींनाही पाजीत. सार्वजनिक ठिकाणी अस्पृश्यता पाळण्यास महाराजांनी 1919 मध्ये हुकमाने बंदी केली खरी. पण हुकूम कागदावर राहू शकतो, कप मात्र ओठाला लावावाच लागतो. त्या चहाची चव कशी होती हे कुणी लिहून ठेवलेले आमच्या वाचनात नाही, आणि खाद्यलेखनाची मर्यादा याहून स्पष्ट कशाने होणार?

आपण ख्रिस्ती लोकांनी या बाबतीत इतरांकडे बोट दाखविण्याची घाई करू नये. अंत्युखियात विदेशी बंधूंसोबत जेवणारा पेत्र काही मंडळी येताच ताटावरून मागे सरला आणि पौलाने त्याला तोंडावर दोष दिला, हे गलतीकरांस लिहिलेल्या पत्रात आपण वाचतो. लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’मध्येही हा प्रवास आहे: वडिलांच्या पराकोटीच्या सोवळ्यात वाढलेली मुलगी पुढे दुष्काळातल्या अनाथ लेकरांना घरात घेते. धर्मांतर एका दिवसात होते, ताटाचे धर्मांतर मात्र वर्षानुवर्षे चालते, हे त्या पुस्तकाइतके हसत हसत कुणी सांगितलेले नाही.

आमचाच एक अनुभव सांगतो. काही वर्षांपूर्वी एका घरी आम्ही आशीर्वादासाठी गेलो होतो. आम्हांला टेबलावर एकट्याला बसवून कोंबडीचा रस्सा आणि विकतचा गुलाबजाम वाढला. आतून मात्र निराळाच वास येत होता. ‘आत काय शिजलंय?’ असे विचारताच घरची म्हातारी ओशाळली. ‘ते आमच्यातलं आहे, फादर. तुमास्नी चालायचं न्हाई.’ आम्ही ताट उचलून आत गेलो आणि चुलीपाशी बसलो. तिने भाकरीवर वाढले ते आम्ही खाल्ले; चांगले तिखट होते, डोळ्यांत पाणी आले. पण मनाला लागले ते निराळेच. इतकी वर्षे या घरी जेवूनही आम्ही या घरचे जेवलोच नव्हतो, आणि याची चौकशी आम्ही कधी केली नव्हती. दोष त्या म्हातारीचा नव्हे.

म्हणून वाचकहो, आपल्या घरातल्या वृद्ध स्त्रियांकडून त्यांचे पदार्थ लिहून घ्या; विशेषतः जे सांगताना त्या आवाज खाली आणतात ते आधी घ्या. सणाचे पक्वान्न लिहून ठेवायला पुष्कळ हात आहेत. दुष्काळात, रोजगार हमीच्या दिवसांत, पगार संपल्यावर काय शिजले, ते लिहायला कुणी नाही. असे लेखन या अंकाकडे आले तर त्याच्या शुद्धलेखनाची काळजी आम्ही करू, चवीची करण्याचे कारण नाही. पाट मांडलेला आहे.