अद्भुताच्या राज्यातील उतरंड

आपल्या समीक्षेने अद्भुतरम्य कादंबरीची फारशी दखल घेतलेली नाही. दलित साहित्य जगलेल्या जीवनातून उभे राहिले. पऱ्या, राजवाडे आणि शापित राजपुत्रांशी त्याचे काय नाते, अशी आपली धारणा. ती समजण्यासारखी आहे. पण महाविद्यालयात शिकवणाऱ्याला आता ही उपेक्षा परवडणारी नाही. वस्तीतून आणि वसतिगृहांतून येणाऱ्या, घरात प्रथमच पदवीपर्यंत पोचलेल्या मुली आज इंग्रजी कादंबरी वाचू लागतात ती बऱ्याचदा याच वाटेने. एका हातात फँटसी, दुसऱ्या हातात 'डार्क रोमान्स', म्हणजे जबरदस्ती करणाऱ्या पुरुषालाच नायक करणारी प्रेमकथा. मीही ही पुस्तके वाचली. त्यांविषयीची मते येथे आडपडदा न ठेवता मांडते.

सारा जे. मास या अमेरिकन लेखिकेची 'अ कोर्ट ऑफ थॉर्न्स अँड रोझेस' (२०१५) ही या लाटेतील गाजलेली कादंबरी. पुस्तक पकड घेते, हे नाकारण्यात अर्थ नाही. नायिका फेअरा हिवाळ्यातल्या जंगलात शिकार करून घर जगवते. तिच्या भुकेचा आणि कातड्यांच्या किमतीचा हिशेब खरा वाटतो. शिवाय ती निरक्षर आहे. पुढे एका जीवघेण्या परीक्षेत भिंतीवरचा मजकूर वाचता न आल्याने ती मरणाच्या दारात उभी राहते. ज्याच्या आईबापाने अंगठा उठवून आयुष्य काढले, त्याला हा प्रसंग हलवून सोडतो.

पण लेखिका या मुलीचे काय करते? एक तर ती मुळात गरीब नाहीच. जहाजे बुडाल्याने कंगाल झालेल्या बड्या व्यापाऱ्याची ती मुलगी. जन्माने दरिद्री असलेली मुलगी नायिका होऊ शकते, एवढेही धाडस कल्पनेला झालेले नाही. दुसरे, या जगाची रचना पाहा. तळाला माणसे, जी एकेकाळी गुलाम होती. त्यांच्यावर हलक्या कुळीचे अद्भुत जीव, त्यांवर उच्चकुलीन, आणि सर्वांवर अधिपती. बाबासाहेबांनी जिला श्रेणीबद्ध विषमता म्हटले तीच ही उतरंड, फक्त पंख लावलेली. पहिल्या भागाच्या शेवटी फेअरा मरते, सात अधिपती आपापल्या शक्तीचा अंश देतात आणि ती जिवंत होते ती उच्चकुलीन होऊन! माणूस म्हणून तिला बरोबरी मिळत नाही, वरच्या थरात बढती मिळते. उतरंड जागची हलत नाही.

लेखिकेला अन्याय दिसतच नाही असे नव्हे. दुसऱ्या भागात खंडणी भरू न शकणाऱ्या एका जलचर स्त्रीसाठी फेअरा अधिपतीशी वाद घालते आणि स्वतःचे दागिने काढून देते. पण वसुलीची पद्धत तशीच राहते, नायिकेच्या हाती उरतो तो दानधर्म. याच भागात रीसँड हा अधिपती तिला लिहायला-वाचायला शिकवतो, आणि गिरवायला देतो ती वाक्ये त्याच्या स्वतःच्या रूपगुणांच्या स्तुतीची. लेखिकेला हा लाडिक विनोद वाटतो. १८४८ साली पुण्यात फुले दांपत्याने मुलींची शाळा काढली, तेव्हा अक्षर हे धन्याच्या स्तुतीसाठी दिले नव्हते. धनी कोणी कोणाचा नसतो हे कळावे म्हणून दिले होते. आमच्या पिढीपर्यंत पोचलेले अक्षर ते आहे. म्हणून हा विनोद मला हसवू शकत नाही.

आता डार्क रोमान्स. एच. डी. कार्लटन यांच्या 'हाँटिंग अ‍ॅडलाइन' (२०२१) या कादंबरीचा नायक नायिकेवर पाळत ठेवतो, तिच्या घरात शिरतो, तिच्यावर बळजबरी करतो. मात्र तो मुलांच्या व्यापार करणाऱ्यांचा कर्दनकाळही आहे. हे पुण्य त्याच्या खात्यावर टाकले की बाकी सारे माफ. असे उपकारकर्ते आपल्याला गावोगाव भेटलेले आहेत. नायिकेचा नकार शब्दांत स्पष्ट आहे, पण तिच्या देहाचा प्रतिसाद हाच खरा होकार, असे कथानक ठरवते.

हे तर्कशास्त्र महाराष्ट्राला नवीन नाही. १९७२ साली देसाईगंज पोलीस ठाण्यात मथुरा या आदिवासी मुलीवर झालेल्या बलात्काराच्या खटल्यात, अंगावर जखमांच्या खुणा नाहीत याला संमतीचे गमक मानून सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये दोन पोलिसांना निर्दोष सोडले. देशभरातल्या स्त्रिया रस्त्यावर उतरल्या, तेव्हा १९८३ मध्ये कायदा बदलला. कोठडीतल्या बलात्काराच्या खटल्यात, संबंध सिद्ध झाल्यावर, संमती नव्हती असे स्त्रीने न्यायालयात सांगितले तर ते गृहीत धरायचे, हे तत्त्व तेव्हा आले. 'नाही' या शब्दाला एवढी किंमत मोजून अर्थ मिळाला. तो अर्थ पुसणारी कादंबरी केवळ करमणूक कशी?

यावर उत्तर मिळते, की वाचणारीला कल्पना आणि वास्तव यांतला फरक कळतो. लेखिकेने सुरुवातीला इशाऱ्यांची यादी दिली आहे, आणि पुस्तक मिटण्याचा अधिकार वाचकाकडे आहे. हे खरे आहे. बायकांच्या वाचनावर पहारे बसवणाऱ्यांच्या रांगेत मला उभे राहायचे नाही. माझ्या विद्यार्थिनींनी ही पुस्तके जरूर वाचावीत. माझा प्रश्न वाचकाच्या चारित्र्याचा नाही, लेखकाच्या कल्पनाशक्तीचा आहे. आकाशात उडणारी माणसे जिला सहज सुचतात, तिला जन्मावर न ठरणारी प्रतिष्ठा आणि बळावर न उभे राहणारे प्रेम का सुचू नये?

ते सुचू शकते. एन. के. जेमिसिन या कृष्णवर्णीय अमेरिकन लेखिकेची 'द फिफ्थ सीझन' (२०१५) पाहा. तिच्या या त्रयीतील तिन्ही कादंबऱ्यांना २०१६ ते २०१८ अशी सलग तीन वर्षे ह्यूगो पुरस्कार मिळाला. तिच्या जगात माणसाच्या नावातच त्याच्या नेमून दिलेल्या कामाची जात असते. भूकंप शमवण्याची शक्ती ज्यांच्यात आहे त्यांच्या कष्टावर राजधानी स्थिर उभी आहे, आणि त्यांनाच माणूस मानले जात नाही. दमाया या लहान मुलीचा रक्षक तिला ताबा शिकवण्यासाठी तिचा हात मोडतो आणि आपले तिच्यावर प्रेम आहे असे सांगतो. वर पाहिलेल्या कादंबऱ्यांनी इथे प्रणय रंगवला असता. जेमिसिन ते प्रेम व्यवस्थेचे हत्यार म्हणून दाखवते. तिची नायिका वरच्या थरात जात नाही. असे जग टिकवायचे तरी कशासाठी, असा सवाल ही कथा करते.

म्हणून अद्भुत हे आपले नव्हे, असे म्हणण्याचे कारण नाही. दुःख नसलेल्या, कर नसलेल्या, कोणी दुय्यम नसलेल्या बेगमपुराची कल्पना संत रविदासांनी केली तेव्हा त्यांच्या भोवती तसे एकही गाव नव्हते. आपल्या लेखकांनी भोगलेले लिहिले, लिहीत राहावे. पण जे अजून कोणी भोगलेले नाही, ती समताही कोणी तरी लिहायला हवी. नाही तर आपल्या मुली दुसऱ्यांच्या राजवाड्यांतच स्वप्ने पाहत राहतील.