पाच माणसे आणि एक पूल

पेरू देशात लिमा आणि कुझको या दोन शहरांच्या वाटेवर काड्यांनी विणलेला एक झुलता पूल होता. २० जुलै १७१४ रोजी, शुक्रवारी भर दुपारी, तो तुटला आणि त्यावरचे पाच प्रवासी खालच्या दरीत कोसळले. हा पूल, ही तारीख आणि हे पाच प्रवासी थॉर्नटन वाइल्डर या अमेरिकन लेखकाच्या कल्पनेतले आहेत. 'द ब्रिज ऑफ सॅन लुई रे' ही त्याची लहानशी कादंबरी १९२७ साली प्रसिद्ध झाली, पुढच्याच वर्षी तिला पुलित्झर पारितोषिक मिळाले, आणि तिशी-बत्तिशीतला हा शाळामास्तर एकदम जगप्रसिद्ध झाला. दिवाळीच्या अंकात अपमृत्यूची गोष्ट काढणे कित्येकांना रुचणार नाही, हे मी जाणून आहे. परंतु फराळाचे ताट पुढे असताना ज्या घरात या वर्षी एक पाट रिकामा आहे, त्या घरातही हा अंक जातोच. या पुस्तकाची आठवण मला त्या घरासाठी झाली.

पूल तुटताना पाहणारा एक साक्षीदार वाइल्डरने निर्माण केला आहे. ज्युनिपर नावाचा, तांबड्या केसांचा, इटलीहून आलेला फ्रान्सिस्कन साधू. डोंगराच्या कडेला तो घाम पुसत उभा आहे, आणि त्याच्या डोळ्यांदेखत पाच मुंग्या पडाव्यात तशी पाच माणसे पडतात. दुसरा कोणी असता तर मी वाचलो म्हणून त्याने देवाचे आभार मानले असते. ज्युनिपरच्या मनात निराळाच प्रश्न येतो : हीच पाच का? देव प्रेमस्वरूप आहे आणि त्याच्या इच्छेवाचून काही घडत नाही, ही त्याची अढळ श्रद्धा. मग या पाच जणांच्या आयुष्यांत त्या इच्छेची खूण सापडलीच पाहिजे! सहा वर्षे तो लिमातली दारे ठोठावतो, माणसांना प्रश्न विचारतो, वह्या भरतो. श्रद्धेला शास्त्राची जोड द्यायची, पुराव्यानिशी देव सिद्ध करायचा, असा त्याचा संकल्प आहे.

हा साधू मला फार आवडतो. तो ढोंगी नाही, कठोरही नाही. खेड्यात साथ आली तेव्हा त्याने मेलेल्या पंधरा आणि वाचलेल्या पंधरा माणसांचा तक्ता केला आणि चांगुलपणा, धर्मनिष्ठा, उपयुक्तता यांना दहापैकी गुण दिले. बेरीज केल्यावर निघाले असे की, मेलेली माणसे वाचलेल्यांपेक्षा पाचपट मोलाची होती. बिचारा समुद्रकाठी गेला आणि तो कागद त्याने फाडून लाटांत टाकला. हा प्रसंग वाइल्डरने अगदी थोडक्यात, ओठांत हसू दाबून सांगितला आहे. वाचताना आपणही हसतो आणि मग हसू ओसरते, कारण हा तक्ता आपण सर्वांनीच मनातल्या मनात कधी ना कधी मांडलेला असतो. त्या कुटुंबाने कोणाचे काय वाईट केले होते, असे आपण म्हणतो ना, तेव्हा आपल्याही हातात ज्युनिपरची पेन्सिल असते.

महाडजवळ सावित्री नदीवरचा जुना दगडी पूल २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री पुरात कोसळला आणि एस.टी.च्या दोन गाड्या माणसांसकट वाहून गेल्या. अशा प्रत्येक अपघातानंतर कोणाची तरी गाडी चुकल्याची गोष्ट निघते आणि देव पावला असे सारे म्हणतात. म्हणणाऱ्याचा हेतू निर्मळ असतो. पण ज्याला गाडी मिळाली त्याच्या आईने हे वाक्य ऐकले तर? वाचलेल्याच्या बाजूने देवाची साक्ष काढली की मेलेल्याच्या विरुद्ध ती आपोआप निघते.

याला आपल्याकडे कर्मविपाकाचे उत्तर आहे. ज्युनिपरजवळ एकाच जन्माची वही होती, आपल्याजवळ अनेक जन्मांच्या वह्या आहेत. त्यामुळे आपली बेरीज कधी चुकत नाही. या जन्मात जमेना ते मागल्या जन्मात सापडते, आणि मागल्या जन्माचा कागद कोणी पाहिलेला नसतो. विचाराची रचना म्हणून ही कल्पना भव्य आहे, यात शंका नाही. परंतु लेकरू गेलेल्या बाईपुढे ती उच्चारण्याचा धीर मला तरी कधी झालेला नाही.

ख्रिस्ती माणसाची अडचण आणखी मोठी आहे. त्याचा देव पिता आहे, आणि पित्याला तर मुलांच्या डोक्यावरचे केससुद्धा मोजलेले ठाऊक. १७५५ साली १ नोव्हेंबरला, सर्व संतांच्या सणाच्या दिवशी, सकाळी देवळे भरलेली असताना लिस्बन शहर भूकंपाने उद्ध्वस्त झाले, तेव्हा साऱ्या युरोपातल्या विचारवंतांपुढे हीच अडचण उभी राहिली. व्हॉल्टेअरने आधी दीर्घ कविता लिहिली आणि १७५९ मध्ये 'कांदीद' लिहून, जे घडते ते सारे भल्यासाठीच, या तत्त्वज्ञानाची रेवडी उडवली. उपहास सोपा असतो असे मी म्हणत नाही. व्हॉल्टेअरचा उपहास तर मुळीच सोपा नाही. पण उपहास करणाऱ्याला पुढच्या सकाळी काय करायचे हे सांगावे लागत नाही, आणि श्रद्धा ठेवणाऱ्याला ते करावे लागते.

गंमत अशी की, ज्युनिपर ज्याचा शिष्य म्हणवतो त्या येशूलाच हा प्रश्न शुभवर्तमानात भेटलेला आहे. लूकच्या तेराव्या अध्यायात शिलोहाच्या बुरुजाची गोष्ट निघते. बुरूज पडला आणि अठरा माणसे चिरडली. ती यरुशलेमातल्या इतरांपेक्षा अधिक पापी होती असे समजू नका, असे येशू स्वच्छ सांगतो. मग कारण काय? कारण तो सांगतच नाही. ऐकणाऱ्यांनाच आपापल्या वागण्याकडे वळून पाहायला लावतो. ईयोबाच्या ग्रंथातही तेच आहे. ईयोबाचे मित्र कारणे देतात, भरपूर देतात, आणि अखेर देव रागावतो तो त्या मित्रांवर. ज्युनिपरने स्वतःचा धर्मग्रंथ जरा सावकाश वाचला असता तर सहा वर्षांची पायपीट वाचली असती. पण मग आपल्याला ही कादंबरी मिळाली नसती!

आता त्या पाच माणसांकडे वळू. मार्केसा दोन्या मारिया ही कुरूप, श्रीमंत, मद्यपी म्हातारी. स्पेनला गेलेल्या मुलीला ती अद्भुत पत्रे लिहिते, आणि मुलगी ती धड वाचतही नाही. (पत्रे लिहिणारी ही आई वाइल्डरने फ्रान्सच्या मादाम द सेव्हिन्ये हिच्यावरून घेतली.) तिच्या सोबतीला पेपिता ही मठातली अनाथ पोर आहे. मठाधिकारिणीच्या आठवणीने झुरून पेपिता तिला पत्र लिहिते, आणि हे धीराचे पत्र नव्हे म्हणून पाठवत नाही. ते पत्र म्हातारीच्या दृष्टीस पडते. आपण आजवर मुलीवर केले ते प्रेम होते की नुसती मागणी, हे तिला एका रात्रीत कळते. ती पहिले धीराचे पत्र लिहिते. दोन दिवसांनी दोघी परत निघतात, आणि वाटेत पूल येतो.

तिसरा एस्तेबान. त्याचा जुळा भाऊ मॅन्युएल जखम चिघळून मेलेला आहे, आणि हा स्वतःचे नाव टाकून मेलेल्या भावाचे नाव सांगत फिरतो. वाइल्डरचा स्वतःचा जुळा भाऊ १८९७ साली जन्मतःच मृत होता, हे ठाऊक असलेल्या वाचकाला ही पाने निराळी लागतात. आत्महत्येचा प्रयत्न फसल्यावर एस्तेबान एका कप्तानाबरोबर समुद्रावर जायला कबूल होतो. कप्तान सामान उतरवून नेण्यासाठी खालच्या वाटेने जातो, हा पुलावरून. चौथा आमचा पीओकाका : कामिला या नटीला रस्त्यावरून उचलून रंगभूमीची राणी करणारा. देवीच्या आजाराने तिचे रूप गेल्यावर ती जगापासून तोंड लपवते, तेव्हा तिचा आजारी मुलगा हायमे एक वर्षासाठी माझ्याजवळ दे, मी त्याला शिकवतो, असे तो विनवून मागून घेतो. काका आणि पोर निघतात.

वाइल्डरने केलेली योजना येथे ध्यानात येते. यांतला प्रत्येक मोठा माणूस नव्याने जगायला नुकता कुठे तयार झालेला आहे. त्यांचे काम संपले म्हणून देवाने नेले, असे म्हणावे तर काम आता सुरू होणार होते. ती वाया गेली म्हणावे, तर जे कळायचे ते त्यांना नेमके कळले होते. दोन्ही अर्थ लेखकाने बरोबरीने उभे केले आहेत. पहिल्या आणि शेवटच्या दोन्ही भागांच्या नावांत 'कदाचित' हा शब्द आहे : पहिल्यात कदाचित अपघात, शेवटच्यात कदाचित हेतू. ज्युनिपर मात्र निर्णय देतो. एकाच अपघातात दुष्टांना शिक्षा झाली आणि सज्जनांना लवकर बोलावणे आले, असे त्याला दिसते. धर्मपीठाला त्याचा ग्रंथ पाखंडी वाटतो आणि ग्रंथासह त्याला जिवंत जाळतात.

पुस्तकाचा शेवट फार प्रसिद्ध आहे. जगणाऱ्यांची आणि मेलेल्यांची दोन गावे, आणि त्यांना जोडणारे प्रेम, अशा आशयाची ती ओळ. ११ सप्टेंबर २००१ च्या संहारानंतर न्यूयॉर्कमधल्या प्रार्थनासभेत ब्रिटनचे तेव्हाचे पंतप्रधान टोनी ब्लेअर यांनी हाच उतारा वाचला होता. आता तो इतका वाचला गेला आहे की शोकसभेतल्या हारासारखा वाटू लागतो. मूळ संदर्भात मात्र तो मुळीच गोड नाही. मठाधिकारिणी त्याआधी स्वतःशी कबूल करते की, या पाच जणांना ओळखणारी माणसेही लवकरच मरतील आणि मग कोणाला त्यांची आठवणसुद्धा राहणार नाही. स्मृतीचाही आधार सोडून उरलेले हे प्रेम आहे. शोकसभेत वाचणारे ही कबुली ऐकतात की नाही कोण जाणे.

तरीही माझी एक तक्रार आहे आणि ती हायमेपुरती आहे. मार्केसाला ज्ञान झाले, एस्तेबानला वाट दिसली, पीओकाकाला वारस मिळाला. त्या पोराला काय मिळाले? वाटेत त्याला बरे वाटत नाही, तेव्हा पूल ओलांडला की बसू, असा काका त्याला धीर देतो. यापुढे लेखक जे एक कोरडे वाक्य लिहितो, ते मला गाजलेल्या शेवटापेक्षा मोठे वाटते. पण त्यानंतर वाइल्डर त्याच्याकडे वळून पाहत नाही. दस्तयेव्हस्कीने 'करामाझव बंधू'मध्ये इव्हानच्या तोंडून मुलांच्या यातनांचा प्रश्न विचारला, तेव्हा त्याने मान वळवली नाही. १८७८ साली त्याचा तीन वर्षांचा मुलगा अल्योशा वारला होता, आणि त्याचेच नाव त्याने कादंबरीतल्या सर्वांत श्रद्धाळू भावाला दिले. इव्हानच्या प्रश्नाला त्या ग्रंथातही उत्तर नाही, मात्र प्रश्न पूर्ण विचारलेला आहे. वाइल्डरची कादंबरी या ठिकाणी फार सभ्य होते.

मठाधिकारिणी मारिया देल पिलार हिच्याविषयी वाचताना मला सतत केडगाव आठवत राहिले. पंडिता रमाबाईंचे आईवडील आणि थोरली बहीण मद्रासकडच्या दुष्काळात अन्नावाचून गेली, पुढे भाऊ गेला, १८८२ मध्ये नवरा गेला. या साऱ्यानंतर, १८८३ साली, त्या ख्रिस्ती झाल्या. १८९६-९७ च्या आणि पुन्हा १९०० च्या दुष्काळात शेकडो उपाशी मुली त्यांनी केडगावच्या मुक्तिसदनात आणल्या. तेथे अंध मुलींनाही शिकवीत. आयुष्याच्या अखेरीस त्या हिब्रू आणि ग्रीकवरून बायबलचे मराठी भाषांतर करीत होत्या, आणि १९२१ मध्ये त्यांची एकुलती मुलगी मनोरमा वारली. दुसऱ्या वर्षी त्याही गेल्या. संपूर्ण बायबल १९२४ साली प्रसिद्ध झाले. ज्या हाताने आईबापांना भुकेने जाताना सावरले, त्याच हाताने ईयोबाचे मित्र आणि शिलोहाचा बुरूज मराठीत उतरवला. त्या ओळींवर तो हात किती वेळ थांबला असेल, या विचाराने मी त्यांचे भाषांतर उघडून बसतो.

कादंबरीतली मठाधिकारिणीही कोणाला कारणे सांगत नाही. अपघातानंतर वर्षभराने मार्केसाची मुलगी क्लारा स्पेनहून परत येते आणि तिच्याकडे जाते. आईविषयी, स्वतःविषयी तिला पुष्कळ बोलायचे आहे. मठाधिकारिणी ऐकून घेते आणि मग तिला आपली माणसे दाखवायला नेते : म्हातारे, रोगी, आंधळे. चालता चालता तिला मुक्या-बहिऱ्यांची आठवण होते. कोणी चिकाटीचा माणूस बसला तर त्यांच्यासाठी एखादी भाषा काढता येईल, पेरूमध्ये असे शेकडो आहेत, स्पेनमध्ये कोणी काही केले आहे का, असे ती क्लाराला विचारते. स्पेनमध्ये ते झालेले होते. ह्वान पाब्लो बोनेत याने हातांच्या खुणांनी अक्षरे शिकवण्याचे पुस्तक १६२० सालीच माद्रिदमध्ये छापले होते. क्लाराला ते ठाऊक नसते. परत गेल्यावर चौकशी करायला तिला सांगून मठाधिकारिणी पुढच्या खाटेकडे वळते.