दुसऱ्याच्या बालपणाची परीक्षा

अर्नेस्ट क्लाइनची 'रेडी प्लेअर वन' (२०११) मी पहिल्यांदा वाचली ती नाशिकमध्ये, इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला, सबमिशन बाजूला ठेवून, मोबाइलवर, दोन रात्रींत. तेव्हा वाटलं, हे पुस्तक आपल्यासारख्यांसाठीच लिहिलंय. गेल्या महिन्यात परत वाचली आणि चिडचिड झाली.

साल २०४५. तेल संपत आलंय, गरिबी वाढलीय. अनाथ वेड वॉट्स एकावर एक रचलेल्या ट्रेलरांच्या वस्तीत राहतो आणि बाकी वेळ ओएसिस नावाच्या आभासी जगात काढतो. ते जग बनवणारा जेम्स हॅलिडे मरताना सांगून जातो की, मी लपवलेलं 'ईस्टर एग' शोधेल त्याला माझी सगळी संपत्ती आणि ओएसिसचा ताबा. कोडी सगळी हॅलिडेच्या लाडक्या १९८०च्या दशकातली.

मग वेड घोकंपट्टी करतो. एका फेरीत त्याला 'वॉरगेम्स' सिनेमातल्या नायकाचे सगळे संवाद न चुकता म्हणावे लागतात. दहावीला आपण 'एकवीस अपेक्षित' घोकायचो, तसंच. याला नॉस्टॅल्जिया कसं म्हणायचं? त्या दशकानंतर कितीतरी वर्षांनी जन्मलेला पोरगा एका श्रीमंत माणसाच्या बालपणाची परीक्षा देतोय.

माझं बालपण म्हणजे सिडकोत आतेभावाकडचा टीव्ही गेम. कॅसेटवर '९९९९ इन १' लिहिलेलं, आत गेम मोजून सहा. चालली नाही की कॅसेटमध्ये फुंकर मारायची. कॉन्ट्रा कोनामी नावाच्या जपानी कंपनीचा, हे फार नंतर कळलं. तो बनवणाऱ्या माणसांची नावं मला आजही सांगता येणार नाहीत.

खरी ठेच इथेच लागते. अटारीच्या 'अ‍ॅडव्हेंचर' या गेममध्ये वॉरन रॉबिनेट या प्रोग्रामरनं एका गुप्त खोलीत स्वतःचं नाव लपवलं, कारण कंपनी गेमवर बनवणाऱ्याचं नाव घालत नसे. पगारी माणसानं मालकाच्या नकळत केलेली सही होती ती. क्लाइनला हे पक्कं माहीत आहे. तो हा किस्सा सुरुवातीलाच सांगतो, शेवटच्या फेरीत वेडला तोच गेम खेळायलाही लावतो. पण कादंबरीतलं अंडं मालकाचं आहे आणि सगळं जग त्याच्या आवडीनिवडी पाठ करतंय! ओएसिसचं कोड हॅलिडेच्या हाताखाली आणखी कुणी लिहिलं, याचं क्लाइनला फारसं कुतूहल नाही.

मला आहे. माझी पहिली नोकरी सपोर्टची, रात्रपाळीची. एकदा कोडमधल्या एका कॉमेंटमध्ये मी माझी आद्याक्षरं टाकली. रिव्ह्यूमध्ये "हे काय?" असं आलं, मी मुकाट्यानं ओळ काढली.

म्हणून दुसऱ्या वाचनात मला सगळ्यात आवडला तो आयओआय कंपनीतला भाग. कर्ज थकलेल्यांना ही कंपनी वेठीला धरते. वेड मुद्दाम पकडला जातो आणि तिथे टेक सपोर्टला बसतो. प्रत्येक हालचालीवर नजर, कॉलमागून कॉल, आणि गिऱ्हाइकाशी गोड बोलणं सक्तीचं. इथे ऐंशीच्या दशकाचा गजर थांबतो आणि क्लाइन पहिल्यांदाच भविष्याबद्दल लिहायला लागतो. पण वेडला हवा तो डेटा मिळतो, तो निसटतो, आणि कादंबरी पुन्हा खेळाकडे पळते.

शेवटी बक्षीस मिळतं. वेड ते मित्रांत वाटून घेणार, म्हणजे ओएसिसला एकाऐवजी चार मालक. स्पीलबर्गच्या २०१८च्या सिनेमात तर हे नवे मालक ओएसिस दर मंगळवारी आणि गुरुवारी बंद ठेवतात. आमच्या लोडशेडिंगला निदान कुणी क्रांती म्हटलं नव्हतं.