राष्ट्रीय सर्वेक्षणांतील सामाजिक संबंध : वेळ-उपयोग सर्वेक्षणांच्या संदर्भात एक चिकित्सा

प्रास्ताविक :

जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये सामाजिक संबंधांविषयी एक आयोग नेमला. जगातील दर सहा व्यक्तींपैकी एक एकाकीपणाने ग्रस्त आहे, असे या आयोगाच्या जून २०२५ च्या अहवालात नमूद करण्यात आले. तेव्हापासून भारतीय समाजातील माणसे एकमेकांपासून दुरावत आहेत काय, हा प्रश्न परिसंवादांतून वारंवार उपस्थित केला जातो आणि त्याचे उत्तर देताना राष्ट्रीय सर्वेक्षणांतील आकडे सढळपणे उद्धृत केले जातात. हे आकडे नेमके कशाचे मोजमाप करतात, याचा विचार मात्र क्वचितच होतो. त्या दृष्टीने राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या २०१९ व २०२४ च्या वेळ-उपयोग सर्वेक्षणांची तपासणी करणे अगत्याचे ठरते.

भारतात असा पहिला मोठा प्रयत्न जुलै १९९८ ते जून १९९९ या काळात झाला. इंदिरा हिरवे यांच्या अध्यक्षतेखालील तांत्रिक समितीच्या मार्गदर्शनाखाली हरियाणा, मध्य प्रदेश, गुजरात, ओरिसा, तामिळनाडू व मेघालय या सहा राज्यांतील १८,५९१ कुटुंबांची पाहणी करण्यात आली. महाराष्ट्राचा त्यात समावेश नव्हता. स्त्रियांच्या अदृश्य श्रमाचे मोजमाप हा त्या पाहणीचा मुख्य हेतू होता आणि तो तिने उत्तम रीतीने साधला. त्यानंतर संपूर्ण देशाची पाहणी होण्यास २०१९ साल उजाडावे लागले. २०१९ मध्ये १,३८,७९९ आणि २०२४ मध्ये १,३९,४८७ कुटुंबांतील सहा वर्षे व त्यावरील व्यक्तींना आदल्या दिवशी पहाटे चारपासून मुलाखतीच्या दिवशी पहाटे चारपर्यंतचा दिनक्रम विचारण्यात आला. अर्ध्या-अर्ध्या तासाचे खंड पाडून त्यांतील कृती नोंदवण्यात आल्या.

सरासरीचा प्रश्न :

या सर्वेक्षणांतील सर्वाधिक उद्धृत होणारा आकडा घरकामाचा आहे. घरातील विनावेतन कामांसाठी २०१९ मध्ये स्त्रिया दिवसाकाठी २९९ मिनिटे व पुरुष ९७ मिनिटे देत होते. २०२४ मध्ये हे प्रमाण अनुक्रमे २८९ व ८८ मिनिटे असे झाले. वर्तमानपत्रांनी यावरून ‘स्त्रिया पुरुषांच्या तिप्पट काम करतात’ असा मथळा दिला. परंतु ही सरासरी केवळ त्या दिवशी ते काम करणाऱ्यांची आहे. २०२४ मध्ये असे काम करणाऱ्या स्त्रिया ८१.५ टक्के होत्या, पुरुष अवघे २७.१ टक्के. सर्व व्यक्ती हिशेबात घेतल्यास स्त्रियांची सरासरी सुमारे २३६ मिनिटे व पुरुषांची सुमारे २४ मिनिटे येते. म्हणजे तफावत तिपटीची नसून जवळजवळ दहापटीची आहे. अहवालात ही दोन्ही परिमाणे असतात. वाचणारा सोयीचे तेवढे उचलतो.

सामाजिक व्यवहाराच्या बाबतीत अडचण निराळी आहे. २०१९ च्या सर्वेक्षणानुसार ‘सामाजिक भेटीगाठी व संवाद, सामूहिक सहभाग आणि धार्मिक आचरण’ या विभागात ९१ टक्क्यांहून अधिक व्यक्तींचा सहभाग असून पुरुषांनी सरासरी १४७ व स्त्रियांनी १३९ मिनिटे त्यासाठी दिली. शहरी भागात तर दोहोंचा वेळ १३८ मिनिटे असा समसमान आहे. घरकामातील प्रचंड विषमतेनंतर ही समानता सुखावणारी वाटते. मात्र विभागाच्या नावातील ‘आणि’ या शब्दापाशी क्षणभर थांबणे आवश्यक आहे. देवघरात एकटीने केलेली पूजा, शेजारणीशी झालेले बोलणे, ग्रामसभेतील उपस्थिती आणि लग्नसमारंभ ही सर्व कृत्ये येथे एकाच राशीत जमा होतात. संयुक्त राष्ट्रांच्या ज्या २०१६ च्या वर्गीकरणावर हे सर्वेक्षण आधारलेले आहे, त्यात संवादासाठी ७१ व धार्मिक आचरणासाठी ७४ असे वेगळे उपविभाग आहेत. तरीही चर्चेत येते ती मुख्य विभागाचीच बेरीज. तिच्या आधारे भारतीय माणूस दिवसाला सव्वादोन तासांहून अधिक काळ ‘लोकांत’ असतो, असा निष्कर्ष काढणे धाडसाचे होय.

दुसरी बाब कृतींच्या सरमिसळीची. एका खंडात १० मिनिटे वा अधिक चाललेल्या अनेक कृती नोंदवण्याची सोय या पाहणीत आहे, त्यांपैकी प्रमुख कोणती हेही विचारले जाते. ही काळजी स्वागतार्ह आहे. परंतु ओसरीवर दोघी-तिघी जणी गहू निवडत बसल्या असता त्यांच्यात जे बोलणे होते, त्याला त्या स्वतः ‘काम’ही म्हणत नाहीत आणि ‘गप्पा’ही म्हणत नाहीत. विचारल्यास ‘गहू निवडत होते’ एवढेच उत्तर येते. सून सासरी कशी आहे, कोणाला उसने पैसे हवे आहेत, दवाखान्यात सोबतीला कोण जाईल, हे सारे त्या अर्ध्या तासात ठरलेले असते. याउलट पारावर किंवा चहाच्या टपरीवर बसलेला पुरुष दुसरे काहीच करीत नसल्यामुळे त्याचा अर्धा तास निर्विवादपणे संवादाच्या खात्यात जातो. स्त्रियांचा संवाद श्रमात मिसळलेला असतो. त्यामुळे १३९ व १४७ या दोन संख्या एकाच जातीच्या आहेत असे मानता येत नाही. बचत गटाची मासिक बैठक हा आर्थिक व्यवहार की सामूहिक सहभाग, हे ठरवणेही बव्हंशी प्रगणकाच्या समजुतीवर अवलंबून राहते.

एका दिवसाच्या नोंदीचीही मर्यादा आहेच. आषाढात पंधरा-वीस दिवस पायी चालणाऱ्या वारकऱ्याचे वर्षभराचे नातेसंबंध त्या वाटेवर जुळलेले असतात. राष्ट्रीय सरासरीत त्यांचा वाटा काही सेकंदांचाही भरणार नाही. हा सर्वेक्षणाचा दोष नव्हे, परंतु नैमित्तिक सहवास हा येथील सामाजिक जीवनाचा कणा असल्याने वाचकाने ते ध्यानी ठेवावे.

कोणासोबत?

अमेरिकेत २००३ पासून दरवर्षी होणाऱ्या वेळ-उपयोग सर्वेक्षणात बहुतेक कृतींच्या वेळी सोबत कोण होते, हे विचारले जाते. आपल्या सर्वेक्षणाच्या प्रमुख निष्कर्षांत सोबतीची ही बाजू येत नाही. ती अंशतः अन्यत्र सापडते. प्यू संशोधन केंद्राने नोव्हेंबर २०१९ ते मार्च २०२० या काळात २९,९९९ प्रौढांची पाहणी केली. तीत सर्व धर्मांचा आदर करणे हा खरे भारतीय असण्याचा महत्त्वाचा भाग असल्याचे ८४ टक्के लोकांनी सांगितले. त्याच पाहणीत ८६ टक्के हिंदूंचे जवळचे मित्र सर्व किंवा बहुतांशी हिंदूच असल्याचे आढळले आणि सुमारे ७० टक्के भारतीयांचे जवळचे मित्र सर्व किंवा बहुतांशी स्वजातीय होते. १४७ मिनिटांच्या सहवासाचा परीघ केवढा, याची कल्पना यावरून यावी. मैत्रीची ही बंदिस्तता वेळेच्या कोणत्याही कोष्टकात दिसणार नाही.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) बाजार, दवाखाना आणि गावाबाहेरील ठिकाण या तिन्ही जागी एकटीने जाण्याची मुभा असलेल्या स्त्रिया ४२ टक्के होत्या. स्वतः वापरता येईल असा मोबाइल ५४ टक्के स्त्रियांकडे होता. म्हणजे घराबाहेर पाऊल टाकण्याच्या स्वातंत्र्यापेक्षा फोन अधिक जणींच्या हाती पोहोचला. हा फोन संवादाचे साधन आहे की करमणुकीचे, हे सांगणे कठीण. सर्वेक्षणाच्या वर्गीकरणात मात्र संवाद सातव्या विभागात व चित्रफिती पाहणे आठव्या विभागात पडते. संस्कृती, विरंगुळा, प्रसारमाध्यमे व क्रीडा यांसाठीचा वेळ २०१९ मधील दिवसाच्या ९.९ टक्क्यांवरून २०२४ मध्ये ११ टक्क्यांवर गेला. ही वाढ सुमारे १६ मिनिटांची आहे. ती एकाकीपणाची खूण म्हणून सादर करण्याची घाई काही टीकाकारांनी केली. बहिणीने पाठवलेली चित्रफीत पाहून तिला उत्तर धाडणारी स्त्री या दोन विभागांची सीमा मिनिटाला दोनदा ओलांडते, हे त्यांनी विचारात घेतलेले दिसत नाही. शिवाय या दोन सर्वेक्षणांच्या मध्ये २०२० ची टाळेबंदी आहे आणि त्या काळाची राष्ट्रीय वेळ-नोंद उपलब्ध नाही. त्यामुळे बदल केव्हा घडला, हेही या सामग्रीवरून सांगता येत नाही.

या सर्वेक्षणांची व्यक्तिनिहाय मूळ सामग्री केंद्रीय सांख्यिकी मंत्रालयाने अभ्यासकांसाठी खुली ठेवली आहे. महाराष्ट्रापुरते ७१ व ७४ हे उपविभाग वेगळे काढून स्त्रियांच्या संवादाचा किती भाग अन्य कामाबरोबर नोंदवला गेला, हे पडताळणे पदव्युत्तर विभागातील एखाद्या विद्यार्थ्यालाही एका सत्रात शक्य आहे.