आळंदचा दुवा : तुकोबांच्या दोन वंशावळी

तुकोबांच्या चरित्राच्या अभ्यासकापुढे दोन वंशावळी येतात. पहिली देहूच्या मोरे घराण्याची. तीत मूळपुरुष विश्वंभरबुवांपासून मोजता तुकोबा आठव्या पिढीचे. दुसरी गुरूंची. तुकोबांच्या शिष्या बहिणाबाई यांनी ती आदिनाथापासून सांगितली असून, तीत ज्ञानेश्वरांनंतर सच्चिदानंद, विश्वंभर, राघवचैतन्य, केशवचैतन्य, बाबाजीचैतन्य आणि तुकोबा असा क्रम येतो. विश्वंभर हे नाव दोहोंत आढळते. तथापि तेवढ्यावरून व्यक्तीही एकच मानणे युक्त नव्हे. नामसाम्य हे शोधाचे निमित्त होय, पुरावा नव्हे.

या दुसऱ्या वंशावळीचे गणित करून पाहावे. ज्ञानेश्वरांची समाधी १२९६ मधील, तुकोबांचे निर्वाण १६५० मधील. मधल्या ३५४ वर्षांत पायऱ्या सहाच. म्हणजे प्रत्येकीस सरासरी ५९ वर्षे. ही पितापुत्रांची मालिका असती, तर काही नावे गळाली आहेत असे आम्ही निःशंकपणे म्हटले असते. परंतु बाबाजींचा उपदेश आपणांस स्वप्नात झाला असे तुकोबाच सांगतात. बहिणाबाईंनाही तुकोबांचा अनुग्रह स्वप्नातच झाला. जेथे प्रत्यक्ष भेटीची अट नाही, तेथे वर्षांच्या हिशेबाने परंपरा खोटी ठरत नाही, तशीच खरीही ठरत नाही.

मग या अभंगाचे प्रयोजन काय? १२४९ मध्ये स्कॉटलंडचा राजा तिसरा अलेक्झांडर याच्या राज्यारोहणप्रसंगी स्कोन येथे त्याची वंशावळ गेलिक भाषेत म्हणण्यात आली. ती नोंद नव्हती, अधिकाराची घोषणा होती. कुणबी कुळातील गुरू करणाऱ्या एका ब्राह्मण स्त्रीने त्या गुरूला ज्ञानेश्वरांच्या कुळात बसविले, हेही आमच्या मते तसेच उद्घोषण आहे. अभंगाचे बळ त्या धैर्यात आहे.

राघवचैतन्यांची समाधी कलबुर्गी जिल्ह्यातील आळंद येथे असल्याचे परंपरा सांगते. तेथे लाडले मशायख यांच्या दर्ग्याच्या आवारातच त्यांचे स्थान मानले जाते, आणि अलीकडच्या वर्षांत तेथील पूजेचा प्रश्न न्यायालयापर्यंत गेला. अशा वेळी संतकाव्यातील नामावळी पुढे करण्याचा मोह अभ्यासकाने आवरला पाहिजे. अभंग हा जमिनीचा उतारा नव्हे. वंशावळ कोणी रचली, कोणासाठी रचली, हा प्रश्न आधी विचारावा. शिक्षकांनी विद्यार्थ्यांना एवढी सवय लाविली तरी पुष्कळ झाले.