साठा-आवाराची संगणकीय आखणी : एक चिकित्सा

औद्योगिक साठा-आवाराची आखणी संगणकाच्या साहाय्याने कशी करावी, हा विषय अभियांत्रिकी व व्यवस्थापन या दोन्ही विद्याशाखांत शिकविला जातो. कोणता माल कोठे ठेवावा, याचे उत्तर ऑप्टिमायझेशन शोधते. तसा ठेवल्यास काय घडेल, हे सिम्युलेशन पडताळून पाहते. या पद्धतींची गृहीतके कोकणच्या खाडीकाठी कितपत टिकतात, याची चिकित्सा आवश्यक आहे.

कूपमन्स व बेकमन यांनी १९५७ साली जागावाटपाच्या प्रश्नाला गणिती रूप दिले. दोन ठिकाणांमधील अंतर व मालाची ये-जा यांच्या गुणाकाराची बेरीज कमीत कमी करणे, हे त्याचे सूत्र होय. मात्र दहा ढीग दहा जागी ३६,२८,८०० प्रकारे मांडता येतात; वीस ढिगांसाठी ही संख्या एकोणीस अंकी होते. त्यामुळे मोठ्या आवारासाठी संगणक ज्याला ‘उत्तम’ म्हणतो, तो बहुधा तपासलेल्या पर्यायांतील उत्तम असतो.

पेणजवळील रामवाडीहून महामार्गाने वडखळकडे गेल्यास डोलवीचा पोलाद कारखाना लागतो. एक टन पोलादासाठी साधारणतः दीड टन लोहखनिज व त्याखेरीज कोळसा लागतो. अंबा नदीवरील धरमतर जेट्टीवर हा कच्चा माल बार्जेसमधून येतो. पाठ्यपुस्तकी सिम्युलेशनमध्ये वाहनांचे आगमन परस्परांपासून स्वतंत्र व यादृच्छिक मानण्याची प्रथा आहे. खाडीतील वाहतूक मात्र भरती-ओहोटीने बांधलेली असते. दोन भरत्यांमध्ये सुमारे १२ तास २५ मिनिटांचे अंतर असल्याने भरतीची वेळ रोज जवळजवळ ५० मिनिटांनी पुढे सरकते. बार्जेस एकेकट्या न येता गटाने येण्याची शक्यता अशा ठिकाणी अधिक असते. सरासरी आगमन बरोबर धरूनही गर्दीच्या वेळी लागणारी जागा चुकते, ती यामुळेच.

पावसाळा हा दुसरा घटक होय. भिजलेले खनिज पट्ट्यांना व घसरण्यांना चिकटते व हाताळणीचा वेग मंदावतो. कोळसा फार काळ पडून राहिल्यास आपोआप पेटण्याचा धोका असतो. म्हणून ‘आधी आलेला आधी उचलावा’ हा नियम पाळावा लागतो. अंतर वाचविणारी मांडणी हा नियम पाळू देईलच, असे नाही. शिवाय शेजारच्या गावांवर व खारजमिनीवर बसणारी धूळ उद्दिष्ट-सूत्रात न घातल्यास संगणकाच्या लेखी तिची किंमत शून्य ठरते.

ढीग हलविता येतात; स्टॅकर-रिक्लेमरचे रूळ एकदा टाकले की सहजासहजी हलत नाहीत. कागदावरील चुकीचे गृहीतक अशा प्रकारे अनेक वर्षे काँक्रीटमध्ये टिकून राहते. तेव्हा दोष गणिताचा नसून, स्थानिक माहितीशिवाय ते वापरण्याचा आहे. विद्यार्थ्यांच्या प्रकल्पाचे मूल्यमापन करताना आज्ञावलीच्या उत्तराआधी भरतीचे कोष्टक व पर्जन्यमानाची नोंद मागितली जावी, एवढा निष्कर्ष यातून निश्चितपणे काढता येतो.