सीमाभागातील पाट्यांचे अक्षर

वाङ्मयाचा विचार करताना आपण शब्दापाशी थांबतो. शब्द ज्या अक्षररूपाने डोळ्यांपुढे येतो, त्याचा विचार क्वचितच करतो. बिदर व कलबुर्गी या सीमावर्ती जिल्ह्यांतील दुकानांच्या पाट्या तो करावयास भाग पाडतात.

हा मुलूख अक्षराच्या बाबतीत दरिद्री नव्हे. बिदरच्या महमूद गवान मदरशावरील (१४७२) रंगीत फरश्यांतली अक्षरे आजही त्याची साक्ष देतात. हैदराबाद संस्थानात १८८४ पासून उर्दू ही राजभाषा होती. मराठी व कानडी या दोन्ही लोकभाषा तिच्या मागे उभ्या होत्या. १ नोव्हेंबर १९५६ रोजी, काही तालुके वगळता, हे जिल्हे तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेले व कानडीस तिचे स्थान मिळाले.

एका पाटीवर या तीन लिप्या एकत्र आल्या म्हणजे पेंटरची खरी कसोटी लागते. उर्दूचा शब्द उजवीकडून डावीकडे उतरत येतो. देवनागरी शिरोरेषेला लटकते. कानडी अक्षर आपला तलेकट्टू स्वतंत्रपणे माथ्यावर मिरवते. शब्द मात्र पुष्कळदा एकच असतो, आणि तोही इंग्रजी : ‘जनरल स्टोअर्स’. भाषा परकी, ओळख तेवढी लिपीची!

मग देवनागरी पाटी मराठी की हिंदी, हे कशावरून ओळखावे? आमच्या मते त्याच्या खुणा निश्चित आहेत. मराठी दुकानदार ‘बँक’ लिहितो. राष्ट्रीयीकृत बँकेच्या पाटीवरील देवनागरीत ‘बैंक’ असते. मराठी ‘स्टोअर्स’ हिंदीत ‘स्टोर्स’ होते. त्याहून सूक्ष्म खूण आकाराची : पाकळीयुक्त ‘ल’ आणि देठयुक्त ‘श’ ही मराठी वळणे होत. महाराष्ट्र शासनाच्या २००९ च्या निर्णयानेही तीच मान्य केली आहेत.

कुंचल्याची जागा फ्लेक्सने घेतली आणि हीच वळणे धोक्यात आली. संगणकावरील बहुसंख्य प्रचलित देवनागरी फाँटांत ‘ल’ व ‘श’ आपोआप हिंदी रूपात उमटतात. काही फाँटांत मराठी रूपांची सोय असते. परंतु ती मागितल्यावाचून मिळत नाही, आणि मागतो कोण?

कर्नाटकाच्या २०२४ च्या दुरुस्ती कायद्याने पाटीचा वरचा अर्धा भाग व एकूण ६० टक्के मजकूर कानडीचा ठरविला. सीमाभागातील मराठी मनास हे बोचते, आणि ते बोचणे आम्ही खोटे मानीत नाही. तथापि उर्दूच्या छायेत मराठीबरोबरच राहिलेल्या कानडीने आपल्या राज्यात अग्रस्थान मागावे, यात नवल ते काय? प्रश्न उरलेल्या ४० टक्क्यांचा आहे. त्या जागेत मराठी लिहावयाची मुभा असूनही आपण तेथे हिंदी वळणाची अक्षरे चालवून घेत असू, तर तो दोष कोणत्याही कायद्याचा नव्हे. जागा आक्रसली असता अक्षराची निगा वाढली पाहिजे. भालकी, औराद वा आळंदच्या बाजारातील दुकानदाराने पाटी छापण्यापूर्वी ‘ल’ आणि ‘श’ एवढी दोन अक्षरे जरी तपासून घेतली, तरी मराठीची ओळख त्या पाटीवर शाबूत राहील.